मासोळीचा उपास

माझ्या घरात उपास चालत नाही. एकादशी नाही, चतुर्थी नाही, महाशिवरात्र तर नाहीच नाही. सासूबाई होत्या तोवर त्यांचे सगळे वार चालायचे. मी हात जोडून सांगायची, बाई, देवाचं काय करायचं ते करा, पण आधी माझ्यासमोर दोन घास खाऊन दाखवा. सुरुवातीला त्या चिडायच्या. मग समजल्या. बाहेरचे लोक मला नास्तिक म्हणतात. म्हणोत बाप्पा. ज्यांनी माझ्या आईला पाहिलं नाही त्यांच्याशी मी वाद घालत बसत नाही.

आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचो. बाबा तिथल्या वीज केंद्रात स्टोअरला होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, समोर कडुनिंब, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बारा महिने चिमणीची राख. पापड वाळवायचे तर वरून लुगडं टाकावं लागायचं. बाबांना ना पत्त्यांचा नाद होता ना पानाचा. त्यांना नाद मासोळ्यांचा. लोखंडी अँगलची चौकट करून घ्यायची, तिला काचा बसवायच्या, फटीत लांबी भरायची, अशा टाक्या ते घरीच बनवायचे. सुट्टी आली की नागपूरला बर्डीच्या बाजारात जायचे आणि पाण्याच्या पिशवीतून रंगीत मासोळ्या घेऊन यायचे. आई म्हणायची, "घरात माणसाईले बसाले जागा नाही, अन् मासोळ्याईले बंगले!" पण टाकीवरची धूळ तीच पुसायची.

आईचं माहेर नरखेडकडचं. संत्र्याची बाग आणि बागेत मोठी विहीर. त्या विहिरीत कधीतरी तिलापिया नावाच्या मासोळीचं बी सोडलं होतं, आणि तिने पाहता पाहता विहीर भरून टाकली होती. एकदा मामाजी आले ते संत्र्यांच्या पेटीबरोबर तुपाचा एक जुना डबा घेऊन. एसटीत सगळ्या रस्त्यानं तो त्यांनी मांडीवर धरला होता. डब्यात पाणी आणि पाण्यात पाच-सहा राखी मासोळ्या. मामाजींना वाटलं, भाटव्यांना, म्हणजे बाबांना, नाद आहे, खूश होतील. बाबांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "अरे, ह्या खायच्या मासोळ्या गा. अन् भांडखोर किती! माझ्या टाकीतल्या सगळ्याईचे शेपूट कुरतडून टाकतील." आई पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "माझ्या माहेरून आल्या. राहू द्या."

आईने कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे बाबांना नाही म्हणता आलं नाही. एक जुनी टाकी होती, ती स्वयंपाकघरात आम्ही जेवायला बसायचो त्या भिंतीशी ठेवली आणि माहेरच्या मासोळ्या तिच्यात सोडल्या. समोरच्या खोलीत बाबांचे बंगले आणि आत आईची झोपडी, असं मी म्हणायची. आई हसायची.

माझं लग्न ठरलं त्या वर्षाची ही गोष्ट. आणीबाणी उठून गेली होती. मुलगा नागपूरचा, वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर कामाला. माणसं चांगली होती. लग्न ठरलं आणि आईने उपास धरले.

आधी सोमवार होता, तो तर तिचा नेहमीचाच. मग गुरुवार आला. मग शुक्रवार. मग चतुर्थ्या, मग प्रदोष. कोणी विचारायच्या आतच म्हणायची, "मी देवाले बोलली आहे. पोरीचं लग्न निर्विघ्न होऊ दे, मग उद्यापन करीन." आता तुम्हीच सांगा, यावर कोण काय बोलणार?

खरं काय होतं ते आधीच सांगून टाकते. तिला घास उतरत नव्हता. एवढंच होतं. पहिल्यांदा भाकर अडकायला लागली असेल, तर उपासाला भाकर चालतच नाही. मग साबुदाण्याची उसळ बंद झाली, "साबुदाणा जड पडते वं." मग भगर, तीही रोज पहिल्यापेक्षा पातळ. मग शिंगाड्याच्या पिठाची लापशी. मग दूध. आणि मधूनमधून निरंकार, म्हणजे पोटात काहीच नाही. आमच्यात उपासाच्या इतक्या पायऱ्या आहेत की माणूस एकेक पायरी उतरत थेट तळाला जाऊ शकतो, आणि वर उभे असलेले लोक हात जोडत राहतात. कॉलनीतल्या बाया खरंच तिच्या पाया पडायच्या. शेजारच्या काकू मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या आईसारखं कडक व्रत आपल्याच्यानं नाही होत बाप्पा. नशीबवान आहेस पोट्टे." आणि मला अभिमान वाटला होता.

तिची आई, माझी आजी, गळ्याच्या दुखण्याने गेली होती. मी तेव्हा लहान होते. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. पण तेवढ्यापायी मावशीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, हे माझ्या कानावर होतं. "त्या घरात ते दुखणं आहे," असं म्हणून मुलाकडचे लोक उठून गेले होते. लोकांना वाटायचं ते रक्तातून येतं, ताटातून येतं, कशातूनही येतं. म्हणजे आईला आपल्याला काय झालंय ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने आपल्या आईला त्याच पायऱ्यांनी उतरताना पाहिलं होतं.

तर त्या दिवसांत एका सकाळी बाबा आतल्या टाकीशी ओरडले, "अरे, ही काहून खात नाही?"

माहेरच्या मासोळ्यांमधली एक मादी कोपऱ्यात जाऊन उभी होती. बाबांनी खाणं टाकलं तशा बाकीच्या तुटून पडल्या, ही जागची हलली नाही. तिचं तोंड गच्च मिटलेलं आणि हनुवटीखाली फुगवटा. बाबांचा जीव वरखाली झाला. "गळ्याले सूज आली हिच्या." त्यांनी पाण्यात खडेमीठ टाकलं. दुसऱ्या दिवशीही ती खाईना, तेव्हा निळ्या औषधाची बाटली काढली. एक मासोळी एक वेळ जेवली नाही तर बाबांना सकाळी सकाळीच कळायचं. मला ह्याचं तेव्हा कौतुक वाटायचं. आता मला ह्याचा राग येतो. अजून येतो.

आईने त्यांचा हात धरला. "थांबा जी. तिले काही नाही झालं. तिच्या तोंडात अंडे हायेत."

"तुले कोणं सांगितलं?"

"सांगाले कशाले पाह्यजे? दिसते ना. तुमचे जेवणं चालू राह्यतात तवा मी इथंच बसते. ती तोंड हलवते ना, तवा आत फिरताना दिसतात."

ते खरं होतं. आम्हाला वाढून झालं की आई आपली वाटी घेऊन त्या टाकीपुढे पाटावर बसायची, आमच्याकडे पाठ करून. आम्हाला वाटायचं, माहेरच्या मासोळ्यांशी हितगूज चाललंय. बाबांनी टॉर्च आणली आणि काचेला नाक लावून बसले. बऱ्याच वेळाने त्या मासोळीने तोंड जरासं उघडून मिटलं, आणि आत पिवळे दाणे गरगर फिरलेले मलाही दिसले. मुगाच्या डाळीएवढे. बाबा खूश झाले. त्यांनी वाचलं होतं की या जातीतली मादी अंडी तोंडात उबवते, पण पाहिलं कधी नव्हतं. नराने वाळूत खड्डा केला, तिने अंडी घातली आणि लगेच उचलून तोंडात धरली, हे सगळं आमच्या नकळत होऊन गेलं होतं. बाबांनी नराला एका रिकाम्या टाकीत हलवलं, म्हणाले, बापाचा भरवसा नाही, हा पोरं खाऊन टाकेल.

मग त्यांनी आईला चिडवलं. "पाहा, तुझ्या माहेरची मासोळी मूग गिळून बसली."

आई म्हणाली, "गिळले नाही जी. धरले हायेत. गिळले असते तर पोट नसतं भरलं तिचं?"

आम्ही सगळे हसलो. तीही हसली. पदर तोंडाशी धरून.

ती मासोळी पुढे बरेच दिवस काही खाईना. अंगाने वाळली, डोकं मोठं दिसायला लागलं. आई तिच्यापुढे रोज बसायची. आणि त्याच दिवसांत त्या टाकीचं पाणी गढूळ व्हायला लागलं. बाबा नळी लावून पाणी काढायचे, नवीन भरायचे, दोन दिवसांत पुन्हा गढूळ. एकदा त्यांनी तळातला गाळ हातावर घेऊन पाहिला तर त्यात भगरीचे शिजलेले दाणे. चिडले. "ती खात नाही हे तुलेच माहीत आहे, मग तू टाकतेच काहून?"

"दुसऱ्या खातात ना," आई म्हणाली.

"दुसऱ्या खातात म्हणून ताटभर टाकशील का? पाणी नासून राहिलं."

त्या घरात आईला त्या काळात एवढा एकच 'काहून' विचारला गेला, आणि तोही पाण्यासाठी. तिच्या वाटीतलं सगळं त्या टाकीत जात होतं. रोज आमच्या डोळ्यांदेखत, आमच्या ताटांपासून हातभर अंतरावर. बाबा नळीने ते उपसून बाहेर कडुनिंबाला घालत होते, आणि मी शेजारी बसून वरण-भात खात साड्यांच्या गोष्टी करत होते.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना मासोळीने पिल्लं सोडली. आईनेच हाक मारली. तिच्या तोंडापुढे बारीक डोळ्यांचा नुसता धूर झाला होता. कॉलनीतल्या बाया पाहायला आल्या. कोणी काचेवर टिचकी मारली की ती तोंड उघडायची आणि सगळी पिल्लं पळत आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. बायांना फार मजा वाटली. त्या टिचक्या मारत राहिल्या, तशी आई एकदम ओरडली, "नका घाबरवू वं तिले! घाबरली तर गिळून टाकते." आईचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. बायांनी काचेवरचे हात काढून घेतले.

मग पिल्लं मोठी झाली, आत मावेनाशी झाली, आणि एका सकाळी तिने खाल्लं. बाबांनी चिमूटभर टाकलं आणि ती कोपऱ्यातून सरळ वर आली. बाबा आनंदाने ओरडले, "जेवली! अवं, जेवली ती!" मी धावत गेले. आई चुलीपाशी होती, तीही आली. मासोळी अशी खात होती की पाहवत नव्हतं. आई पाहत राहिली. म्हणाली, "सुटला बाई तिचा उपास. आता हे लग्न होऊ दे, माझाही सुटंल."

लग्न भर उन्हाळ्यात होतं. मैदानात मांडव, टँकरचं पाणी, आणि वऱ्हाडासाठी पाण्यात बर्फ. आईच्या पोलक्याला दोन्ही बाजूंनी टाके घातले होते तरी ते तिच्या अंगावर लोंबत होतं. बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. "पोरीचं लग्न म्हटलं की माय वाळतेच," बाया म्हणत होत्या. कन्यादान करणाऱ्यांनी लग्न लागेपर्यंत काही खायचं नसतं. तो दिवस तिला सगळ्यात सोपा गेला असणार.

मग विहिणींची पंगत बसली. माझ्या सासूबाई म्हणजे मोकळा माणूस, हसणं सात घरांपर्यंत ऐकू जाईल असं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की विहीणबाईंनी पोरीच्या लग्नापायी किती महिने उपास केले. त्या पानावरून उठल्या, हातात बुंदीच्या लाडवाचा चांगला मोठा घास घेऊन आईसमोर उभ्या राहिल्या. "विहीणबाई, पोरीचं लग्न झालं ना? आता काहाचा उपास? उघडा तोंड! माझ्या हातानं उद्यापन करते तुमचं." बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मान होता तो. नाही म्हणणं म्हणजे विहिणीचा अपमान. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

त्यानंतर आई एक शब्द बोलली नाही.

माझी ओटी भरली तेव्हा बोलली नाही. सासूबाईंच्या हातात माझा हात दिला तेव्हा बोलली नाही. बाकीच्या बाया म्हणाल्या, मायचा गळा दाटून आला. मी तिच्या गळ्यात पडले, रडले, आणि मान वर करून पाहिलं तर तिचे ओठ गच्च मिटलेले. हनुवटीखाली फुगवटा. डोळ्यांतून नुसतं पाणी चाललेलं. तो घास तिच्या तोंडात होता. तसाच. मांडवाच्या त्या गर्दीत, बँडच्या त्या आवाजात मला ते एकदम दिसलं.

मी म्हटलं, "आई, थुंक." तिने मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, "थुंकून टाक वं माय." तिने मला हाताने जीपकडे ढकललं. जोर नव्हताच हातात. कोणीतरी मला धरून बसवलं, जीप सुरू झाली, आणि मी मागे वळून जिवाच्या आकांताने ओरडले, "बाबा, आई जेवली नाही! आई जेवली नाही हो बाबा!"

सगळे हसले. मायेने हसले. "सासरी चालली तरी मायच्या जेवणाची काळजी!" कोणीतरी म्हणालं. नवरी रडताना काहीही बोलते. एकटे बाबा हसले नाहीत. ते आईकडे वळून पाहत होते, मासोळीकडे पाहायचे तसे, आणि धुळीत ते दोघं दिसेनासे झाले.

लग्नानंतर मांडवपरतणीला म्हणून मी पहिल्यांदा माहेरी गेले तर घराला कुलूप. काकूंनी सांगितलं, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना विचारलं होतं, इतके महिने बाईच्या पोटात काही नव्हतं, तुम्ही करत काय होते? बाबा म्हणाले होते, "उपास होते जी तिचे." करण्यासारखं उरलंच नव्हतं.

मी तिच्या खाटेशी बसून भांडले. हो, भांडले. मरणाऱ्या माणसाशी भांडू नये, पण माझा स्वभाव असा आहे. "काहून सांगितलं नाही? तुले काय वाटलं, हे लोक मावशीच्यासारखं उठून गेले असते? गेले असते तर गेले असते! मी काय मरत होती का त्यांच्याशिवाय?" तिचा आवाज बसला होता. मला कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागला. म्हणाली, "तोंड उघडलं असतं तर तू सांडली असती वं."

आंबे संपायच्या आत ती गेली.

सासूबाईंना हे सगळं कळलं तेव्हा त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचा काही दोष नव्हता, मी त्यांना शंभरदा सांगितलं. पण त्यांनी बुंदीचा लाडू जन्मात पुन्हा तोंडी लावला नाही.

दिवाळीला मी माहेरी गेले. बाबांनी समोरच्या खोलीतल्या सगळ्या रंगीत मासोळ्या वाटून टाकल्या होत्या. आतली टाकी तेवढी होती, आईचा पाट तिच्यापुढे होता, आणि पाटावर बाबा बसले होते. पाणी गढूळ. टाकीतली एक मादी कोपऱ्यात उभी होती, गच्च तोंड मिटून, हनुवटीखाली फुगवटा. बाबा चिमटीने एकेक दाणा तिच्या तोंडापुढे सोडत होते. दाणा खाली जायचा. ते दुसरा सोडायचे. "खाय वं," म्हणत होते. "थोडंसं खाय. काहून खात नाही?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "बाबा, तिच्या तोंडात अंडी आहेत. ती नाही खाणार."

"माहीत आहे वं मले," बाबा म्हणाले, आणि आणखी एक दाणा सोडला. "पण विचाराले काय जाते?"